गळपट्ट्याची कथा

कुत्रा आणि मनुष्य यांच्या स्नेहाचें वय मोजूं गेल्यास इतिहासाची पट्टी अपुरी पडते. गाय, बैल व घोडा हे प्राणी मनुष्याच्या दावणीला येण्याच्या कितीतरी आधीं कुत्रा त्याच्या शेकोटीजवळ येऊन बसला होता. महाभारतांत स्वर्गाच्या दारापर्यंत धर्मराजाची सोबत करणारा जीव कुत्राच होता, आणि त्याला मागें टाकून स्वर्गांत पाऊल ठेवण्यास धर्मराजानें नकार दिला, ही कथा मराठी घरांतील लहान मुलांनाहि ठाऊक असते. त्या कुत्र्याच्या गळ्यांत पट्टा होता असें मात्र व्यासांनीं कोठेंहि लिहिलेलें नाहीं. जेथें निष्ठेविषयीं शंका नसते तेथें खुणेचीहि गरज नसते.

व्यवहारांतील मनुष्याचें मात्र खुणेवांचून भागलें नाहीं. त्यानें कुत्र्याच्या गळ्यांत पट्टा बांधला, पट्ट्यावर नांव घातलें, नांवाभोंवतीं नक्षी काढली. पुढें त्याच्यासाठीं मखमलीची गादी, सोनेरी मुलाम्याचें घर, हाडाच्या आकाराचें बिस्किट आणि रबराचें खेळणें अशी सामग्री तयार झाली. आज मोठ्या शहरांतील दुकानांतून कुत्र्यांसाठीं रंगीबेरंगी, नखरेल आणि गंमतीदार माल मांडलेला दिसतो. तो पाहून वडील मंडळी हंसतात आणि हें नव्या पिढीचें खूळ आहे असें म्हणतात. इतिहासाची साक्ष काढली तर हें खूळ सुमारें ३४०० वर्षांचें जुनें आहे असें दिसून येतें. आणि त्याच्या मुळाशीं एक प्रश्न सतत उभा आहे : ही वस्तु कुत्र्यासाठीं आहे, कीं कुत्र्याच्या धन्यासाठीं?

१८९९ सालीं व्हिक्टर लोरे या फ्रेंच संशोधकानें ईजिप्तमधील राजांच्या दरींत मायहेरप्री नांवाच्या एका सरदाराचें थडगें शोधून काढलें. हा सरदार अठराव्या राजवंशाच्या काळांतला. स्वतः राजा नसतांहि राजांच्या शेजारीं पुरला जाण्याचा मान त्याला मिळाला होता. परलोकीं उपयोगी पडावें म्हणून थडग्यांत जें सामान ठेवलें होतें, त्यांत कुत्र्याचे दोन कातडी पट्टे निघाले. एकावर घोड्यांच्या आकृति आहेत. दुसऱ्यावर शिकारीचा देखावा आहे आणि एका कुत्रीचें नांवहि आहे. तें नांव ‘तान्तनुइत’ असें वाचतात, व त्याचा अर्थ ‘नगरीची’, म्हणजे थीब्झ नगरीची, असा करतात. कैरोच्या संग्रहालयांत हे पट्टे जपून ठेवलेले आहेत. हजारों गुलामांचीं नांवें काळाच्या उदरांत गडप झालीं, परंतु एका कुत्रीचें नांव कातड्याच्या चार बोटें पट्टीमुळें टिकून राहिलें. धन्याच्या मनांत तिच्याविषयीं किती माया असेल याचा दुसरा पुरावा कशाला पाहिजे!

रोमन लोकांची दृष्टि अधिक व्यवहारी होती. व्हॅरो नांवाच्या पंडितानें वयाच्या ऐंशीव्या वर्षीं शेतीवर एक ग्रंथ लिहिला. त्यांत मेंढपाळाच्या कुत्र्यासाठीं गळपट्टा कसा करावा हें त्यानें सांगितलें आहे. पट्टा बळकट कातड्याचा असावा व त्यांत डोक्याचे खिळे ठोकावे, म्हणजे लांडग्याला कुत्र्याच्या नरड्याचा घोट घेतां येणार नाहीं. परंतु एवढ्यावरच तो थांबत नाहीं. खिळ्यांच्या लोखंडानें कुत्र्याच्या मानेला इजा होऊं नये म्हणून आंतून मऊ कातड्याचें अस्तर शिवावें, असेंहि तो बजावतो. बाहेरून लांडग्यासाठीं लोखंड आणि आंतून कुत्र्यासाठीं मऊपणा! वस्तु घडवितांना ती वापरणाऱ्याच्या अंगाचा विचार कसा करावा याचा हा दोन हजार वर्षांपूर्वींचा धडा आहे. हिमालयांतील मेंढपाळ आपल्या कुत्र्यांच्या गळ्यांत बिबट्यापासून रक्षणासाठीं खिळ्यांचे लोखंडी पट्टे आजहि बांधतात. व्हॅरोचें नांवहि त्यांच्या कानांवरून गेलेलें नसेल, परंतु गरज एक असली कीं युक्तीहि एकच सुचते.

त्याच रोमन जगांत पट्ट्याची दुसरी बाजूहि दिसते. इ. स. ७९ मध्यें व्हेसूव्हिअस पर्वताचा स्फोट होऊन पाँपेई शहर राखेखालीं गाडलें गेलें. राखेंत मृत देहांच्या जागीं ज्या पोकळ्या राहिल्या होत्या, त्यांत पातळ प्लास्टर ओतून त्या देहांचे ठसे काढण्याची युक्ति एकोणिसाव्या शतकांत निघाली. १८७४ सालीं अशाच एका पोकळींतून एका कुत्र्याचा ठसा निघाला. पाय वर करून तो वेदनेनें पिळवटलेला आहे, आणि त्याच्या गळ्यांत पट्टा आहे. घरांतील माणसें निघून गेलीं, पण दाराशीं सांखळीनें बांधलेल्या कुत्र्याला सोडण्याचें भान कोणाला राहिलें नाहीं. जो पट्टा लांडग्यापासून रक्षण करतो, तोच धनी विसरला कीं फांस होतो. गळपट्ट्याच्या साऱ्या इतिहासांत हें दुःखद पान विसरतां येत नाहीं.

मध्ययुगांत युरोपांतील राजेरजवाडे शिकारीचे मोठे शोकी झाले व पट्ट्यांना थाट चढला. इंग्लंडांत केंट परगण्यांतील लीड्स किल्ल्यांत कुत्र्यांच्या पट्ट्यांचें एक संग्रहालय आहे. जॉन हंट या मध्ययुगाच्या अभ्यासकाच्या स्मरणार्थ त्याच्या पत्नीनें दिलेल्या संग्रहावर तें उभें राहिलें. तेथें शंभराहून अधिक पट्टे पाहावयास मिळतात. आरंभीं लांडगे व अस्वलें यांच्याशीं झुंजणाऱ्या कुत्र्यांचे जाड, कांटेरी लोखंडी पट्टे दिसतात. पुढें कोरीव पितळेचे, आणि मग चांदीचे नाजूक पट्टे येतात. जंगलें तुटलीं, लांडगे नाहींसे झाले, आणि पट्ट्यावरील खिळ्यांची जागा अक्षरांनीं व फुलांनीं घेतली. संरक्षणाचें साधन होतें त्याचा दागिना झाला.

दागिन्याबरोबर विनोदहि आला. अलेक्झांडर पोप या इंग्रज कवीनें १७३८ च्या सुमारास युवराज फ्रेडरिक याला एक कुत्रा भेट दिला, आणि त्याच्या पट्ट्यावर स्वतः रचलेल्या दोन ओळी कोरून दिल्या. पट्टा वाचण्यासाठीं जो दरबारी वांकेल, त्याच्याच लाचारीला त्या ओळी चिमटा घेत. कुत्र्याच्या गळ्यांतील पितळेच्या पट्टीनें माणसाची फजिती करावी, ही खोडी दरबाराला चांगलीच झोंबली असली पाहिजे. आज कुत्र्यांच्या कपड्यांवर थट्टेचीं वाक्यें छापून विकतात त्यांचा हा खानदानी पूर्वज होय.

फ्रान्समध्यें थाटाची परमावधि झाली. न्यूयॉर्कच्या मेट्रोपोलिटन संग्रहालयांत कुत्र्याचें एक लहानसें घर आहे. क्लोद सेने या पॅरिसच्या नामांकित कारागिरानें तें १७७५ ते १७८० च्या दरम्यान घडविलें. लांकडावर सोनेरी मुलामा, आंतून रेशीम व मखमल असा त्याचा थाट असून, राणी मारी आंत्वानेत हिच्या सामानखान्याचा शिक्का त्यावर आहे. पॅरिसच्या रस्त्यांत भाकरीसाठीं दंगे होत होते त्या काळची ही वस्तु. कुत्र्याचा यांत कांहीं दोष नव्हता. त्याला उबेची गरज होती, सोन्याची नव्हती.

इकडे इंग्लंडांत १७९६ सालीं कुत्र्यांवर कर बसला. कोणता कुत्रा कोणाचा हा प्रश्न आतां सरकारदरबारीं गेला. पट्टा म्हणजे मालकीचा दाखला, आणि पट्टा नाहीं तो बेवारशी, असा हिशेब रूढ होत गेला. या हिशेबाची किंमत मुंबई शहरानें एकदां मोजली. १८३२ सालच्या जून महिन्यांत भटकीं कुत्रीं मारण्याच्या सरकारी हुकुमावरून मुंबईंत मोठा दंगा झाला. पारशी धर्मांत कुत्र्याला पवित्र स्थान आहे. मृताला कुत्र्याची दृष्टि दाखविण्याचा त्यांच्यांत विधि आहे. पोलिसांच्या माणसांनीं कुत्रीं पकडण्याचा सपाटा लावतांच कोटांतील पारशी खवळून उठले. त्यांना हिंदु, जैन व मुसलमान व्यापाऱ्यांचीहि साथ मिळाली, बाजार बंद पडला, आणि अखेर लष्कर बोलवावें लागलें. याच असंतोषांतून १८३४ सालीं सर जमशेटजी जिजीभाई व मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानें मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. राणीच्या कुत्र्याला मखमल मिळाली; मुंबईच्या बेवारशी कुत्र्याला निवारा मिळाला. यांतील कोणती देणगी मोठी, हें श्रोत्यांनींच ठरवावें.

कुत्र्यांच्या वस्तूंचा खरा बाजार उभा राहिला तो एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. गिरण्या व आगगाड्या यांनीं शहरें फुगलीं, मध्यम वर्गाच्या हातांत पैसा आला, आणि कुत्रा अंगणांतून दिवाणखान्यांत आला. १८५९ सालीं न्यूकॅसल येथें कुत्र्यांचें पहिलें रीतसर प्रदर्शन भरलें. त्यांत साठ शिकारी कुत्रीं होतीं व बक्षिस म्हणून बंदुका ठेवल्या होत्या. १८६० च्या सुमारास जेम्स स्प्रॅट नांवाच्या अमेरिकन गृहस्थानें लंडनमध्यें कुत्र्यांसाठीं खास बिस्किटें काढलीं. गोदींत खलाशांनीं फेंकलेलीं कडक बिस्किटें भटकीं कुत्रीं आवडीनें खातात, हें पाहून त्याला ही कल्पना सुचली असें सांगतात. त्याच्याच पेढींत चार्ल्स क्रफ्ट नांवाचा एक तरुण कारकून होता. त्यानें १८९१ सालीं स्वतःच्या नांवानें जें प्रदर्शन सुरू केलें तें पुढें जगांत प्रसिद्धीस आलें. १९०८ सालीं न्यूयॉर्कमध्यें हाडाच्या आकाराचें बिस्किट निघालें. बिस्किटाचा आकार कोणता आहे याची कुत्र्याला काय पर्वा? तो आकार बिस्किट विकत घेणाऱ्या मालकिणीच्या डोळ्यांसाठीं होता, आणि व्यापाऱ्यानें तिचें मन अचूक ओळखलें होतें.

याच काळांत इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड याचा सीझर नांवाचा एक लहान पांढरा टेरिअर होता. आपण सीझर असून राजाचे आहोंत, अशा अर्थाचीं अक्षरें त्याच्या पट्ट्यावर होतीं. रशियाचा सुप्रसिद्ध जवाहिऱ्या फाबर्जे याच्या कारखान्यांत या कुत्र्याची दगडी मूर्ति घडली. तिच्या डोळ्यांत माणकें व गळ्यांत सोन्याचा मिनेकारी पट्टा आहे. १९१० च्या मे महिन्यांत राजाची अंत्ययात्रा निघाली तेव्हां सीझर शवपेटीच्या मागोमाग चालला, आणि जर्मनीच्या कैसरासह अनेक मुकुटधारी राजे त्याच्या मागून चालले. त्या दिवशीं लोकांच्या डोळ्यांना पाणी आलें तें माणकांमुळें नव्हे, तर मुका जीव धन्याला शोधीत चालला होता म्हणून.

विसाव्या शतकांत मोठमोठे शिल्पकारहि या क्षेत्रांत उतरले. १९५६ सालीं कॅलिफोर्नियांतील बारा वर्षांच्या एका मुलानें फ्रँक लॉइड राइट या जगद्विख्यात वास्तुशास्त्रज्ञास पत्र लिहून आपल्या एडी नांवाच्या कुत्र्यासाठीं घराचा नकाशा मागितला. मुलाच्या आईबापांचें घर राइटनेंच योजिलें होतें. वृद्ध राइटनें ही विनंति थट्टेवारी नेली नाहीं. दुसऱ्या वर्षीं त्यानें त्रिकोणी आकाराच्या घराचा नकाशा फुकट पाठविला. १९६३ सालीं तें घर बांधून झालें. परंतु एडीला तें पसंत पडलें नाहीं व तो त्यांत राहावयास गेला नाहीं! टीकाकारांना जुमानणारा राइट नव्हता, पण एडीच्या निकालापुढें अपील नव्हतें.

एडीचा हा निकाल पुढील कारागिरांनीं ध्यानांत घेतलेला दिसतो. १९७० नंतरच्या दशकांत अमेरिकेंतील कॉलोराडो येथें जो मार्कम नांवाच्या गृहस्थाचा कुत्रा दगड चावून दांत झिजवीत असे. मोटारीच्या सुट्या भागांतील रबराचा एक तुकडा त्याला दगडाहून अधिक आवडला, आणि त्याच आकारावरून ‘काँग’ हें खेळणें जन्मास आलें. येथें नमुना कुत्र्यानेंच पसंत केला. माणसानें तो फक्त पाहिला. २०१२ सालीं जपानचा नामवंत योजक केन्या हारा यानें शिगेरु बान, कुमा, इतो यांसारख्या वास्तुशास्त्रज्ञांकडून निरनिराळ्या जातींच्या कुत्र्यांसाठीं वास्तू आंखून घेतल्या व त्यांचे नकाशे सर्वांना विनामूल्य खुले केले. आंखूड पायांच्या डाक्सहुंडला जिना चढणें अवघड, म्हणून एकानें त्याच्यासाठीं उतरण योजिली. स्वतः हारानें चिमुकल्या पूडलसाठीं लहान पायऱ्या केल्या. त्या चढून गेला कीं कुत्रा मनुष्याच्या नजरेला नजर देऊं शकतो. कल्पना खेळकर खरी; पण तिच्यांत व्हॅरोच्या मऊ अस्तराचीच माया आहे.

आणि शेवटीं पुन्हां मुंबई. २०२३ च्या जुलै महिन्यांत मुंबईच्या विमानतळाबाहेरील वीस भटक्या कुत्र्यांच्या गळ्यांत एक नव्या तऱ्हेचा बिल्ला बांधण्यांत आला. त्यावरील चौकोनी ठिपकेदार खूण हातांतील फोनला दाखवितांच त्या कुत्र्याचें नांव, त्याला टोचलेल्या लशी आणि त्याला खाऊं घालणाऱ्याचा ठावठिकाणा कळतो. ज्या शहरांत १८३२ सालीं बेवारशी कुत्र्यासाठीं दंगा झाला, तेथेंच आतां धनी नसलेल्या कुत्र्यालाहि नांव मिळालें. त्या बिल्ल्यावर सोनें नाहीं, मखमल नाहीं, राजचिन्ह नाहीं.

घरांत कुत्रा असलेल्यांनीं त्याच्यासाठीं सुंदर व गंमतीच्या वस्तु अवश्य घ्याव्या. सौंदर्याची हौस हा मनुष्याचा दोष नव्हे. मात्र दुकानांतून बाहेर पडण्यापूर्वीं पट्ट्याच्या आंतील बाजूवरून एकदां बोट फिरवून पाहावें. बाहेरची नक्षी शेजाऱ्यांना दिसते. आंतला मऊपणा केवळ कुत्र्याला कळतो.