करावे : खारशेतीचे दफ्तर आणि हिवाळी शिकारी पक्षी

मुंबईहून पूर्वेस खाडी ओलांडली, की बेलापूर आणि नेरूळ यांच्या दरम्यान करावे नावाचे आगरी-कोळ्यांचे जुने गाव लागते. आज त्याच्याभोवती उंच इमारतींचा वेढा पडला आहे, गावाच्या अंगावरून पाम बीच मार्ग गेला आहे, आणि व्यापारी जहाजांवरील अधिकारी घडविणारी टी. एस. चाणक्य ही संस्था 1993 पासून गावाच्या लगत उभी आहे. परंतु ज्या भूमीवर हे सारे वसले आहे ती भूमी कित्येक पिढ्यांनी समुद्राशी झुंजून संपादन केलेली होती, आणि तिच्यावर माणसाखेरीज आणखी एका समाजाची हिवाळ्यापुरती वहिवाट होती, ही गोष्ट आज फार थोड्यांच्या स्मरणात असेल. हा समाज म्हणजे उत्तरेकडील गवताळ प्रदेशांतून आश्विन-कार्तिकात खाली उतरणारे भोवत्ये, खरूच्या, ससाणे आणि गरुड यांचा. त्यांचा इतिहास खारशेतीच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही.

खारशेती ही निसर्गदत्त नव्हे. खाडीच्या भरतीला आवर घालण्यासाठी माती-चिखलाचा लांबच लांब बांध घालावयाचा, ओहोटीच्या वेळी आतले पावसाचे पाणी बाहेर जावे आणि भरतीच्या वेळी खारे पाणी आत येऊ नये यासाठी त्यात उघाडी बसवावयाची, मग दोन-तीन पावसाळे जमिनीतला क्षार धुऊन निघण्याची वाट पाहावयाची, आणि त्यानंतर खाऱ्या मातीतही तग धरणारे राता जातीचे भात तिथे पेरावयाचे, असा हा दीर्घोद्योग होता. बांधाची निगा कोणी राखावयाची आणि तिचा मोबदला कोणी घ्यावयाचा, यांविषयीची शिलोत्री नावाची स्वतंत्र व्यवस्था शेजारच्या कुलाबा जिल्ह्याच्या महसुलात होती. यावरून या बांधाचे मोल त्या काळच्या कारभाऱ्यांना किती पक्के ठाऊक होते, हे ध्यानी येते. स्वातंत्र्यानंतर 1948 साली खारजमिनींसाठी मुंबई राज्याने कायदाच केला, आणि पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने क्षार सोसणाऱ्या भाताच्या नव्या जाती शेतकऱ्यांच्या हाती दिल्या.

या शेतीचा सर्वांत मोठा वैरी समुद्र खराच, पण त्याच्या खालोखाल उंदीर. उंदराने अथवा चिंबोरीने पोखरलेल्या एखाद्या बिळातून उधाणाचे पाणी शिरले, की बघता बघता बांधाला खांड पडे, आणि एका रात्रीत आत आलेले खारे पाणी पुढची दोन-तीन वर्षे पिकाची आशा ठेवीत नसे. दिवाळीच्या सुमारास कापणी आटोपे, पेंढ्याचे उडवे रचले जात. क्षारामुळे रब्बीचे पीक बहुधा घेता येत नसल्याने पुढचे सहा महिने सारे खार गवत आणि धसकटे अंगावर घेऊन मोकळे पडून राही. सांडलेल्या दाण्यावर उंदीर माजत, धसकटांत टोळ आणि नाकतोडे उडत, बांधाबाहेरच्या चिखलात तुतवार आणि चिखले उतरत. शिकारी पक्ष्याला यापरते काय हवे? ज्या ऋतूत शेतकऱ्याचा नांगर थांबे, त्याच ऋतूत या पक्ष्यांचा अंमल सुरू होई.

दलदली भोवत्याची शिकार ज्याने एकदा नीट पाहिली आहे, त्याला या संबंधाचे मर्म निराळे सांगावे लागत नाही. मादी गडद तपकिरी, डोके आणि गळा मात्र सायीच्या रंगाचा. पंख किंचित वर उचललेले, आणि उड्डाण इतके सखल, की लव्हाळ्याचे शेंडे पोटाला लागतात की काय असे वाटावे. एका बांधाच्या कडेने जावे, टोकाशी वळावे, दुसऱ्या बांधाच्या कडेने परत यावे, अशा शिस्तीने ती सारे शेत चाळून काढते. तिच्या चेहऱ्याभोवती घुबडासारखे पिसांचे कडे असते आणि गवतातली उंदराची खसखस तिला त्यामुळे अचूक ऐकू येते. आवाज आला, की ती हवेत क्षणभर अडखळते, पाय सोडते आणि गवतात नाहीशी होते. पाण्याच्या कडेला तिची सावली पडताच टिबुकल्या बुडी मारतात आणि बदकांचा थवा एकदम उठतो. खरूचीची तऱ्हा वेगळी: ती वाऱ्याकडे तोंड करून हवेत एका जागी थरथरत थांबते आणि खालच्या धसकटांवर दृष्टी लावते. एकीला लांब गवत हवे, दुसरीला आखूड. अर्थात जमिनीचे रूप पालटले, की तिच्यावरचा पक्षीही पालटतो.

या पक्ष्यांकडे लक्ष देण्याची परंपरा आपल्याकडे जुनी आहे, परंतु तिचा हेतू दीर्घकाळ मृगयेचा होता. कल्याणीच्या चालुक्य राजा सोमेश्वराने बाराव्या शतकात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त श्येनविनोदाचे स्वतंत्र प्रकरण आहे, पुढे सुलतानी आणि मोगल अमलात बाज, बहिरी आणि शिक्रा यांना शिकारखान्यात मानाचे स्थान होते. पक्षी कोणत्या भूमीवर, कशाच्या आधाराने जगतो, ही जिज्ञासा मात्र नंतरची. 15 सप्टेंबर 1883 रोजी मुंबईत ज्या थोड्या गृहस्थांनी नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी वैद्य होते, आणि एडवर्ड हॅमिल्टन एटकेन हा मीठ आणि जकात खात्यातील अधिकारीही होता. एटकेनची काही वर्षांची नेमणूक करावेच्या दक्षिणेस, पनवेलच्या खाडीपलीकडील उरणला होती. मिठागरांची देखरेख हे त्याचे सरकारी काम. परंतु त्या कामाने जो मनुष्य रोज बांधावरून चालतो, त्याच्या दृष्टीस पक्षीही पडतात, आणि 1900 साली प्रसिद्ध झालेले मुंबईच्या सामान्य पक्ष्यांवरील त्याचे पुस्तक हे त्या पायपिटीचे फळ होय.

यानंतर 1936 पासून सालिम अली आणि हुमायून अब्दुलअली यांनी मुंबई आणि साष्टीच्या पक्ष्यांची विस्तृत यादी सोसायटीच्या नियतकालिकात क्रमशः छापली. साष्टीची हद्द ठाण्याच्या खाडीशी संपते. त्यामुळे पलीकडल्या काठावरची करावे, नेरूळ, बेलापूरची खारे त्या यादीच्या शीर्षकात आलीच नाहीत. 1959 साली सोसायटीने पक्ष्यांच्या पायांत कडी घालून स्थलांतराचा माग काढण्याचे मोठे काम हाती घेतले, आणि 1987 पासून दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होऊ लागली. भोवत्यांच्या बाबतीत विशेष उल्लेखनीय ठिकाण म्हणजे गुजरातेतील वेळावदर. तेथील गवताळ रानात माँटेग्यू आणि पॅलिड जातींचे भोवत्ये हिवाळ्यात रात्रीच्या विसाव्यास इतक्या मोठ्या संख्येने जमतात, की जगातील मोठ्या विश्रामस्थळांत त्याची गणना होते. दिवसभर ते भोवतालच्या कपाशी-गव्हाच्या शेतांत विखुरलेले असतात, आणि संध्याकाळी जमिनीवरच, गवतात, एकत्र बसतात. म्हणून त्यांची मोजणी सूर्यास्ताच्या सुमारास, दिशा वाटून घेऊन करावी लागते. सकाळी ते उडून गेले, की त्यांच्या बैठकीच्या जागी न पचलेल्या अवशेषांच्या ओकलेल्या गोळ्या सापडतात. अशी एखादी गोळी पाण्यात भिजवून सुईने उकलली, तर तीत टोळांच्या तंगड्या, उंदराचे केस, क्वचित लहान पक्ष्याचे पीस निघते. शेतात कोणती कीड होती आणि पक्ष्याने शेतकऱ्याचे किती काम केले, याचा तो अस्सल पुरावा असतो.

करावेच्या खारांवर मात्र अशी मोजणी होण्यापूर्वीच जमिनीचे भवितव्य ठरून गेले. 1970 च्या मार्चमध्ये नवी मुंबई वसविणाऱ्या सिडको या सरकारी महामंडळाची स्थापना झाली, ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांतील 95 गावांच्या जमिनी नव्या नगरासाठी संपादनाखाली आल्या, आणि सातबाऱ्यावरील कुळांची नावे एकामागून एक फेरफारात मिटली. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली प्रकल्पग्रस्तांनी जो लढा दिला, त्यात जानेवारी 1984 मध्ये पाच जणांना हौतात्म्य आले. साडेबारा टक्के विकसित भूखंड देण्याची योजना ही त्या बलिदानाची फलश्रुती. माणसाच्या या दुःखापुढे पक्ष्यांची कथा सांगणे कोणास अप्रस्तुत वाटेल, पण दोन्हींचे मूळ एकच होते: जमीन हातची गेली आणि बांधाची निगा सुटली. जिथे भराव पडला तिथे इमारती उठल्या. जिथे पडला नाही तिथे भरतीचे पाणी आत शिरून तिवरे माजली, अथवा पाणी साचून चाणक्य आणि दिल्ली पब्लिक स्कूल (डी. पी. एस.) परिसरातल्या पाणथळी तयार झाल्या. धसकटांचे रान सरले, त्याबरोबर खरूचीसारख्या कोरड्या शेताच्या पक्ष्यांचा आधार गेला; दलदली भोवत्या आणि मासे पकडणारा ऑस्प्रे यांना पाणथळीने आसरा दिला. पुढे त्याच पाणथळीवर गोल्फच्या मैदानाची योजना आली, वाद मुंबई उच्च न्यायालयात गेला, आणि 2018 साली न्यायालयाने पाणथळीच्या बाजूने निर्णय दिला.

या सर्व इतिवृत्तातून मला जे निष्पन्न होताना दिसते ते असे, की शिकारी पक्ष्याची नोंद ही जमिनीच्या नोंदीवाचून अपुरी आहे. पक्षिमित्रांच्या वह्यांत तारीख, जात आणि संख्या असते. पक्षी ज्या शेतावर होता ते पेरलेले होते की पडीक, गवत किती वाढलेले होते, उघाडी चालू होती की मोडलेली, शेजारी भराव पडू लागला होता का, हे मात्र बहुधा नसते. उलट आपल्या तलाठ्याच्या दफ्तरात जमिनीचा प्रत्येक गुंठा, पीक आणि पड यांसह दरवर्षी लिहिला जातो, परंतु त्या जमिनीवर आणखी कोण उपजीविका करीत होते, याचा तिथे उल्लेख नाही. ही दोन दफ्तरे करावेच्या बाबतीत कधी एकत्र आली नाहीत. म्हणून काय गमावले याचा हिशेब आज कोणापाशीच नाही. स्थलांतरी शिकारी पक्ष्यांच्या रक्षणाच्या आंतरराष्ट्रीय करारावर भारताने 2016 साली सही केली खरी, परंतु तशा सहीला अर्थ येतो तो गावोगावच्या अशा हिशेबानेच.

उरण, पेण आणि अलिबागच्या खारांत अद्याप भात पिकते, बांध अद्याप उभे आहेत, आणि कापणीनंतर त्यांच्यावर भोवत्ये अद्याप उतरतात. तिथे ठरावीक बांधांवरून, ठरावीक महिन्यांत, भरती-ओहोटीची वेळ पाहून, गटनंबर आणि पीकपाहणीसह ही मोजणी दरसाल करणे हे कोणा दूरच्या पंडिताचे काम नव्हे. ज्या गावकऱ्याला बांधाची खांड कुठे पडेल हे पावलाने कळते, तो ते सर्वांत उत्तम करील. त्याला सोबत घेऊन शाळा-महाविद्यालयांनी आणि पक्षिमंडळांनी ही वही आता सुरू करावी, आणि तिची एक प्रत तालुक्याच्या दफ्तरी ठेवण्याचा आग्रह धरावा, म्हणजे उद्या त्या जमिनीचा निवाडा होईल त्या वेळी पक्ष्यांची वहिवाटही कागदावर असेल.