सव्वा इंचाचं भोक आणि आमची जुनी दुर्बीण

ज्यांच्या फोनला दोन काड्यांच्या वर रेंज येत नाही त्यांच्यासाठी हा एपिसोड लिहूनही टाकतोय. हे दुःख मला चांगलंच माहितीये, कारण मी सायवनचा. डहाणू तालुक्यात कासाहून आत गेलं की आमचं गाव. तिकडे अजून रात्री अंधार पडतो, खराखुरा. पुण्यात नोकरीला लागल्यावर कळलं की ही केवढी श्रीमंती आहे.

आजचा विषय ऐकून काही जण एपिसोड स्किप करतील. दुर्बिणीचा अ‍ॅडॅप्टर. दोन नळ्यांच्या मध्ये बसणारी एक कडी. पण २०२० च्या डिसेंबरमध्ये या कडीने मला रडवलं होतं, आणि तेव्हा शोधत शोधत तिचा इतिहास सापडला.

झालं असं. लॉकडाऊनमुळे मी घरी, वर्क फ्रॉम होम. २१ डिसेंबरला गुरू आणि शनी आकाशात एकमेकांना जवळजवळ चिकटलेले दिसणार होते. दोघांत अंतर फक्त एक दशांश अंश. इतके जवळ ते याआधी १६२३ मध्ये आले होते, म्हणजे गॅलिलिओ जिवंत असताना. आमच्या माळ्यावर ६० मिलिमीटरची एक जपानी दुर्बीण होती. बाबांचे मामा बोटीवर कामाला होते, त्यांनी हॅलेच्या धूमकेतूच्या वर्षी, १९८६ ला आणलेली. बाबांनी तिच्यातून हॅले पाहिला की नुसता धुरकट ठिपका पाहिला, यावर आमच्या घरात आजही एकमत नाही.

माळ्यावरून काढली तर मोठं भिंग ठीक होतं. आयपीस मात्र, म्हणजे डोळा लावायचं छोटं भिंग, बुरशीने खलास. चौतीस पावसाळे काढले होते त्यांनी. एकावर 'एच २०' लिहिलेलं, दुसऱ्यावर 'एसआर ४'. एच म्हणजे हायगेन्स, तोच सतराव्या शतकातला डच शास्त्रज्ञ. एसआर मधला आर म्हणजे रॅम्सडेन, अठराव्या शतकातला इंग्लिश कारागीर. विचार करा, १९८० च्या दशकातल्या दुर्बिणीबरोबर दोनशे-तीनशे वर्षं जुनी डिझाइन्स येत होती!

मी ऑनलाइन २५ मिलिमीटरचा नवा प्लॉसल आयपीस मागवला. आला. लावायला गेलो तर आत जाईचना. त्याची नळी जाड, दुर्बिणीचं भोक बारीक.

इथून इतिहास सुरू होतो.

एकोणिसाव्या शतकात मोठी दुर्बीण म्हणजे एका कारखान्याची वस्तू. आपल्याकडचं उदाहरण घ्या. पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, म्हणजे आजच्या सीओईपीत, कावसजी दादाभाई नायगमवाला या प्राध्यापकांनी १८८८ मध्ये वेधशाळा उभी केली. भावनगरच्या महाराजांनी पैसे दिले म्हणून तिचं नाव महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. तिथली २० इंची दुर्बीण डब्लिनच्या ग्रब यांची, त्या काळातली भारतातली सगळ्यात मोठी. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी नायगमवाला उपकरणं घेऊन सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले होते. (त्याच ग्रहणासाठी लॉकियर साहेब विजयदुर्गला आले होते. हेलियमचा शोध विजयदुर्गला लागला असा फॉरवर्ड तुम्हाला येत असेल तर तो पुढे पाठवू नका. ती १८६८ ची गोष्ट, आणि तेव्हा लॉकियर इंग्लंडमध्ये होते.) १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि सामान कोडाईकनालला गेलं. पुण्यातली एवढी मोठी दुर्बीण एका माणसाच्या नोकरीइतकीच टिकली, हे मला अजून टोचतं.

हौशी माणसाला मात्र एका कारखान्यावर अवलंबून राहणं परवडत नाही. त्याला एकाकडून नळी, दुसऱ्याकडून आयपीस असं जमवावं लागतं. त्यासाठी सगळ्यांचं माप एक हवं. आणि तेच झालं नाही.

इंग्लंडमध्ये रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या नावाचा आटा चालायचा: सव्वा इंच व्यास, इंचाला १६ आटे. आयपीस बाटलीच्या झाकणासारखा फिरवून बसवायचा. अमेरिकेतही सव्वा इंचच, म्हणजे ३१.७५ मिलिमीटर, पण आटे नाहीत. नळीत नळी सरळ सरकवायची आणि बाजूचा बारीक स्क्रू आवळायचा. १९२५ नंतर 'सायंटिफिक अमेरिकन' मधले लेख वाचून तिकडे लोक घरोघरी आरसे घासू लागले, आणि त्यांना हे सरकवायचं माप फार सोयीचं पडलं, कारण बेसिनखालची पितळी नळीही सव्वा इंचीच असायची. प्लंबरच्या दुकानातून तुकडा आणला की झाला आयपीस होल्डर. मला हा भाग भयंकर आवडतो.

जर्मनीत झाइसने २४.५ मिलिमीटर वापरलं, आणि तेच जपान्यांनी उचललं. इंचात ०.९६५. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या छोट्या दुर्बिणी जगभर गेल्या आणि हे माप घरोघरी पोचलं. आमच्या माळ्यावरही. पुढे रुंद दृश्य दाखवणारे मोठे आयपीस आले, त्यांना सव्वा इंचही पुरेना, म्हणून २ इंची माप आलं. आज बाजारात सव्वा आणि दोन इंच टिकलेत, ०.९६५ जवळपास गेलं. चार्जरचं जसं झालं तसंच. मायक्रो यूएसबीचा फोन अजून ठणठणीत असतो, पण केबल मिळत नाही.

तर अ‍ॅडॅप्टर हवा होता. ऑनलाइन मागवला तर डिलिव्हरीची तारीख २१ च्या पुढची. म्हणून गेलो उंबरगावच्या एका लेथवाल्या भाईंकडे. मी घरच्या फूटपट्टीने मोजून सांगितलं, "बाहेरून एक इंच, आतून सव्वा." ते म्हणाले, "म्हणजे बाहेरून आठ सूत, आतून दहा सूत." आपल्याकडे मेट्रिक मापं १९५८ पासून लागू झाली, पण वर्कशॉपात सूत अजून जिवंत आहे. नायलॉनचा तुकडा लावून त्यांनी दहा मिनिटांत कडी काढून दिली. घरी आणली, बसेना. एक इंच म्हणजे २५.४, भोक २४.५ चं. नऊ दशांश मिलिमीटरने घात केला. चूक माझीच, व्हर्नियर घेऊन जायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी परत गेलो. भाईंनी हसून पुन्हा कापून दिली, एकूण दीडशे रुपये घेतले.

आता कडी बसली, आयपीस बसला, आणि फोकस होईना. समोरच्या डोंगरावरचं झाड नुसता हिरवा डाग. नळी पूर्ण आत ढकलली तरी तेच. रात्रभर वाचत बसलो तेव्हा डोक्यात उजेड पडला. अ‍ॅडॅप्टर व्यास जुळवतो, पण त्याची किंमत लांबीत वसूल करतो. माझ्या कडीने आयपीस ३० मिलिमीटर मागे गेला होता. प्रतिमा जिथे तयार होते ती जागा तर भिंगाने ठरवलेली, ती काही मागे येत नाही. आयपीस आणखी आत जायला हवा होता आणि नळीत तेवढी जागा उरली नव्हती.

मग उपाय? आयपीसच्या आधी एक आरशाचा कोपरा असतो, डायगोनल म्हणतात. मान न मोडता वर बघता यावं म्हणून. त्या कोपऱ्यातच प्रकाशाची बरीच वाट खर्च होते. मी तो काढूनच टाकला आणि कडी सरळ नळीत घातली. नळी बाहेर ओढली, झाड लख्ख दिसलं. उलटं, पण लख्ख. डायगोनलशिवाय डोक्यावरचं काही बघायचं तर जमिनीवर लोळावं लागतं. पण गुरू-शनी त्या दिवशी नैर्ऋत्येला क्षितिजाजवळच होते. स्टुलावर बसून सरळ समोर बघायचं, बस्स.

आमच्या भागात नोव्हेंबर २०१८ पासून भूकंपाचे छोटे धक्के बसतायत, दोन वर्षांनंतरही ते पूर्ण थांबले नव्हते. त्यामुळे दुर्बीण हलली की पोरं आधी पायाखाली बघायची. त्या संध्याकाळी धक्का आला नाही. २८ पट मोठं करून एकाच वर्तुळात गुरू, त्याच्या बाजूला चंद्रांचे ठिपके, आणि जरा लांब अंडाकार शनी. शेजारची एक आजी बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "याला कान आहेत." गॅलिलिओलाही ती कडी अशीच काहीतरी चिकटल्यासारखी वाटली होती. बाबांनी शेवटी बघितलं. हॅलेपेक्षा बरं आहे, एवढंच बोलले.

आता तुमच्या कामाचं, कारण जुन्या दुर्बिणींचे फोटो मला बऱ्याच जणांनी पाठवलेत. आधी व्हर्नियरने भोक मोजा. २४.५ आलं तर साधी कडी घेऊ नका, हायब्रिड डायगोनल घ्या: दुर्बिणीकडचं तोंड ०.९६५, आयपीसकडचं सव्वा इंच. कोपरा आणि अ‍ॅडॅप्टर एकातच, त्यामुळे लांबी फार वाढत नाही. माझा २१ तारखेनंतर आला, आजही तोच वापरतो. त्यावर ३२ मिलिमीटरचा प्लॉसल मात्र घेऊ नका. त्याचं दृश्य साधारण २७ मिलिमीटर रुंद, आणि ते २४.५ च्या गळ्यातून कसं येणार? कडा काळवंडतात. २५ चा पुरतो.

कॅमेरा लावायचा असेल तर आणखी एक सापळा. टी-माउंटचा आटा ४२ मिलिमीटर व्यासाचा, दोन आट्यांत पाऊण मिलिमीटर अंतर. तो १९५७ ला जपानमध्ये आला, पुढे टॅमरॉन झालेल्या कंपनीकडून. जुन्या प्रॅक्टिका-पेंटॅक्स कॅमेऱ्यांचा आटाही ४२ चाच, पण अंतर १ मिलिमीटर. दोन्ही हातात घेतले तर सारखे दिसतात. एक-दोन वेढे फिरतात आणि अडकतात. तिथे जोर लावू नका, आटे मरतात. मोबाइलवाल्यांना यातलं काहीच नको. फोनचा होल्डर आयपीसला बाहेरून पकडतो, फक्त तुमच्या आयपीसची जाडी त्याच्या जबड्यात मावते का ते बघा.

भाईंनी काढलेली पहिली कडी, आठ सुताची, अजून माझ्याकडे आहे. पुण्यात टेबलावर पेन ठेवायला वापरतो. पुढच्या एपिसोडमध्ये भेटू, आणि हो, दुर्बिणीचा फोटो पाठवताना बाजूला पट्टी ठेवून काढा.