कोर्टाच्या रेघा आणि कोर्टाचे दार

टेनिसची सार्वजनिक कोर्टे दिवसातला पुष्कळ वेळ रिकामी राहत असतील, तर ती पिकलबॉलसारख्या नव्या खेळांना द्यावीत काय, हा प्रश्न हल्ली ठिकठिकाणी विचारला जातो. टेनिसप्रेमी मंडळींना हे आक्रमण वाटते. नव्या खेळाच्या चाहत्यांना टेनिस म्हणजे मूठभरांनी अडवून धरलेली जागा वाटते. वाद घालणारे दोन्ही पक्ष एक गोष्ट मात्र गृहीत धरतात, ती ही की, कोर्ट हे एखाद्या खेळाचे वतन असते. इतिहासाकडे पाहिले तर हे गृहीतच टिकत नाही. आणि ह्या इतिहासाचा एक महत्त्वाचा धागा आपल्या पुण्यातून गेलेला असल्यामुळे तो पुणेकरांनी तरी नीट उलगडून पाहिला पाहिजे.

प्रथम टेनिसचेच उदाहरण घेऊ. मेजर वॉल्टर विंगफील्ड ह्या इंग्रज गृहस्थांनी १८७४ साली हिरवळीवरील टेनिसचे पेटंट मिळवले आणि रॅकेटी, चेंडू व जाळी एका पेटीत घालून ती विकावयास काढली. ह्या पेटीसाठी सपाट हिरवळ कोठून आणावयाची? ती तयारच होती. लाकडी हातोड्याने चेंडू तारेच्या कमानींतून पार नेण्याचा क्रोके नावाचा खेळ त्यापूर्वीच्या पिढीत इंग्लंडात लोकप्रिय झाला होता, आणि त्यासाठी ठिकठिकाणी उत्तम हिरवळी राखलेल्या होत्या. विंबल्डनचा जगप्रसिद्ध क्लबही मुळात १८६८ साली क्रोकेसाठीच निघाला. १८७५ साली त्याने आपल्या हिरवळीचा एक तुकडा टेनिसला दिला. १८७७ साली क्लबच्या नावात टेनिसचा समावेश झाला आणि पहिली स्पर्धा भरली. तिच्यामागे हिरवळीवर फिरवण्याचा रूळ दुरुस्त करण्यासाठी पैसे उभे करणे हाही एक हेतू होता. १८८२ साली तर क्रोके हा शब्दच नावातून गळला आणि पुढे १८९९ साली, जुन्या आठवणीखातर म्हणा, तो परत आला. म्हणजे ज्या टेनिसच्या वतीने आज आपण हक्काची भाषा बोलतो, ते टेनिस स्वतः पाहुणे म्हणून दुसऱ्याच्या अंगणात शिरले आणि पाच-सात वर्षांत यजमान होऊन बसले.

आता पुण्याकडे वळू. ज्या १८७५ साली विंबल्डनच्या क्लबाने टेनिसला जागा दिली, त्याच साली न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. शहर ज्ञानाचे दार उघडीत होते. त्याच सुमारास शहराच्या सीमेवरील छावणीत इंग्रज अधिकारी एका निराळ्याच उद्योगात होते. पिसांचे फूल फळीने हवेत तोलून धरण्याचा मुलांचा खेळ इंग्लंडात आणि अन्यत्र फार जुना. त्यात ना जाळी, ना हार-जीत. हिंदुस्थानातील लष्करी अधिकाऱ्यांनी मध्ये जाळी बांधली, दोन पक्ष केले आणि त्याला चढाओढीचे रूप दिले. पुण्याच्या छावणीत तो इतका रुजला की त्या खेळाला ‘पूना’ हेच नाव पडले, आणि त्याचे आरंभीचे नियमही १८७० नंतरच्या वर्षांत येथेच बांधले गेले असे सांगितले जाते. रजेवर गेलेल्या अधिकाऱ्यांनी तो इंग्लंडात नेला. तेथे ड्यूक ऑफ बोफर्ट यांच्या बॅडमिंटन हाउस ह्या वाड्याचे नाव त्याला चिकटले. १८९३ साली इंग्लंडात बॅडमिंटन असोसिएशन स्थापन झाली, १८९९ साली ऑल इंग्लंड स्पर्धा सुरू झाली, आणि ‘पूना’ हे नाव मागे पडले.

हे नाव का गेले? इंग्रज बलवान होते, हे उत्तर सोपे आहे. पण अपुरे आहे. क्रिकेटही इंग्रजांचेच, परंतु ते आपल्या गल्लीबोळांत शिरले, कारण ते उघड्या मैदानावर चाले आणि कुंपणाबाहेर उभे राहून पाहणारी पोरे लाकडाची फळी घेऊन त्याची नक्कल करू शकत. जाळीचे खेळ त्या काळी छावणीच्या आणि क्लबांच्या आत होते. शहरातील माणूस तेथे जाई तो खेळाडू म्हणून नव्हे.

तो कशासाठी जाई, ह्याचे एक उदाहरण पुण्याच्या इतिहासात कायमचे नोंदलेले आहे. पुढे हिंदुस्थानचे पहिले थोर गोलंदाज म्हणून नाव काढलेले पाळवणकर बाळू हे १८९२ च्या सुमारास पुण्यातील गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर नोकर होते. खेळपट्टीवर रूळ फिरवावा, सरावाच्या जाळ्या उभाराव्यात आणि सांगितले म्हणजे टेनिसच्या कोर्टाच्या रेघाही आखाव्यात, हे त्यांचे काम. साहेबांना सराव व्हावा म्हणून त्यांना तासन्‌तास गोलंदाजी करू दिली जाई, फलंदाजी साहेबांची. आणि ह्यात केवळ साहेबालाच दोष देऊन आपली सुटका नाही. बाळू चर्मकार समाजातले. पुण्याच्या हिंदूंनी त्यांना संघात घेतले ते बळी मिळवण्यासाठी. चहा मात्र त्यांना बाहेर, मातीच्या भांड्यातून दिला. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या ह्या माणसाने कोर्टाच्या रेघा आखल्या होत्या, पण कोर्टाचे दार त्याच्यासाठी नव्हते.

विसाव्या शतकात हे दार थोडे थोडे किलकिले होत गेले. १९०६ साली डेक्कन जिमखाना निघाला. जिमखान्यांमुळे निदान सुशिक्षित मध्यमवर्गाच्या हाती रॅकेट आली, आणि टेनिसने ह्या शहराला मानही मिळवून दिला. १९७४ साली डेव्हिस करंडकाच्या सामन्यात भारताने रशियाला हरवले ते पुण्यातच; त्यानंतरचा अंतिम सामना भारताने दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी धोरणाचा निषेध म्हणून सोडून दिला. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांच्या निमित्ताने बालेवाडीचे क्रीडासंकुल उभे राहिले आणि २०१८ ते २०२३ ह्या काळात तेथील कोर्टांवर महाराष्ट्र ओपन ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा होत असे. तेव्हा टेनिसला उपरा म्हणून हाकलावे असे कोणी सुचवील तर तो कृतघ्नपणा होईल.

परंतु एका खेळाने दुसऱ्याला मारलेच पाहिजे असेही नाही. सांगलीत जन्मलेल्या नंदू नाटेकरांचे चरित्र पाहा. तरुणपणी ते टेनिस खेळत. रामनाथन कृष्णन यांच्याकडून पराभव झाल्यावर ते बॅडमिंटनकडे वळले आणि १९५६ साली परदेशात आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळवणारे पहिले भारतीय बॅडमिंटनपटू ठरले. त्यांचे चिरंजीव गौरव नाटेकर मात्र टेनिसमध्ये राष्ट्रीय विजेते झाले. एकाच घरात रॅकेट बदलली आणि पुन्हा बदलली. घराचे काही नुकसान झाले नाही.

आता तो नवा खेळ. १९६५ साली अमेरिकेत, सिएटलजवळील बेनब्रिज बेटावर, जोएल प्रिचर्ड यांच्या घरी एक जुने बॅडमिंटनचे कोर्ट होते. एके दिवशी खेळावयास पुरते साहित्य सापडेना, तेव्हा टेबलटेनिसच्या बॅटी आणि भोकाभोकांचा प्लॅस्टिकचा चेंडू घेऊन खेळ सुरू झाला. चेंडू टप्पा घेतो असे पाहून जाळी खाली आणली गेली. हाच पिकलबॉल. सुनील वालावलकर यांनी तो २००७ च्या सुमारास मुंबईत आणला. त्याच्या कोर्टाचे माप आजही ४४ फूट लांब आणि २० फूट रुंद, म्हणजे बॅडमिंटनच्या दुहेरी कोर्टाचेच. पुण्याच्या छावणीतून निघालेल्या खेळाची ही एक नात दीडशे वर्षांनी आजोळी आली आहे, असे म्हटले तर फारसे वावगे होणार नाही.

हिशेबही पाहण्यासारखा आहे. टेनिसचे कोर्ट ७८ फूट बाय ३६ फूट, आणि भोवतालची मोकळी जागा धरून साधारण १२० बाय ६०. एवढ्यात पिकलबॉलची चार कोर्टे बसतात. जेथे चार माणसे खेळत तेथे सोळा खेळू लागतात, आणि वयस्कर माणसालाही ते झेपते. जाळीत फरक मधोमध अवघ्या दोन इंचांचा. अडचणीही आहेत. मातीच्या किंवा हिरवळीच्या कोर्टावर प्लॅस्टिकचा चेंडू नीट उसळत नाही, म्हणून ती कोर्टे टेनिसलाच ठेवणे शहाणपणाचे. कठीण पॅडलचा टकटक आवाज लांबवर जातो, त्यामुळे लगतच्या घरांची झोप हाही विचारात घेण्याचा विषय आहे. बॅडमिंटनचे फूल तर वाऱ्याने भरकटते. त्याला छप्परच हवे.

म्हणून कोर्ट उखडण्याची घाई नको. दुसऱ्या रंगाच्या रेघा आखाव्यात, हलवता येणाऱ्या जाळ्या घ्याव्यात, वेळ वाटून द्यावी, आणि वर्षभर, पावसाळा धरून, किती माणसे येतात ह्याची नोंद ठेवावी. विंबल्डननेही आरंभी एकच तुकडा दिला होता.

खरा प्रश्न ह्यापुढचा आहे. सार्वजनिक कोर्टावर नव्या रेघा आखल्या, चकचकीत दिवे लावले आणि तासाचे भाडे असे ठेवले की महापालिकेच्या शाळेतील मुलगी फाटकाबाहेरच उभी राहिली, तर आपण खेळ बदलला, काळ मात्र तोच ठेवला असे होईल. नवा ठेका देताना किती तास मुलांना, किती तास विनामूल्य, आणि भाड्याची मर्यादा कोणती, हे कागदावर लिहून घेण्याचा हक्क नागरिकांचा आहे, आणि तो मागितल्याशिवाय मिळत नाही. एकदा ह्या शहराच्या नावाचा खेळ ह्या शहराच्या हातून निघून गेला, कारण शहरातील माणसे तो खेळतच नव्हती. पुण्याच्या कोर्टांवर ह्यापुढे टेनिस चालो, पिकलबॉल चालो की आणखी काही. पुण्याची मुले तेथे खेळताना दिसावीत, एवढे पाहणे आपल्या हाती आहे.