तारखा दिसतात, कारणं दिसत नाहीत

"तीन वर्षांत तीन कंपन्या? का बरं?" इंटरव्ह्यूमधला हा प्रश्न आयटीच्याही कितीतरी आधीचा आहे बरं का.

नेपोलियनच्या काळात, १८०३ साली, फ्रान्सने कामगारांना एक पुस्तिका सक्तीची केली. तिचं नाव ‘लिव्रे’. कामगार कधी लागला, कधी सोडून गेला, हे त्यात लिहिलं जाई. पुस्तिकेशिवाय प्रवास करणारा कायद्याने भटक्या ठरे. उचल फिटेपर्यंत मालक त्याला अडकवून ठेवू शकत असे.

१८५४ च्या कायद्याने तीत बरा-वाईट कुठलाच शेरा लिहायला मनाई केली. पण तारखा राहिल्याच! कारखाना बंद पडला, पगार थकला की घरी कुणी आजारी होतं, हे तारीख थोडंच सांगते? आमच्या भाषेत, लॉगमध्ये टाइमस्टॅम्प आहे, एरर मेसेज नाही. आणि नवा मालक तेवढ्यावरच माणूस जोखणार. १८९० मध्ये ही पुस्तिका रद्द झाली.

आज आपल्याकडे रिलीव्हिंग लेटर आहे, पीएफची सर्व्हिस हिस्टरी आहे. तिथंही नजर आधी तारखांवरच जाते. "का सोडली?" हे विचारणं चुकीचं नाही. उत्तर ऐकायच्या आधीच रेझ्युमे बाजूला ठेवणं, हे मात्र अन्यायाचं.