कुळ, गाव आणि कुत्रा

पनवेलहून उरणास व उरणाहून द्रोणागिरीच्या पायथ्याशी करंजास जाणाऱ्या वाचकास तेथील कुत्री ठाऊक असतीलच. धक्क्यावर होडी लागली की ती उठतात, वाळत घातलेल्या बोंबलांची राखण करतात आणि पलीकडे रेवसाकडे तर निघाली की पुन्हा निजतात. त्यांस वंशावळ नाही आणि त्यावाचून त्यांचे काही अडलेलेही नाही. अशा ह्या गावी आमच्या आप्तांपैकी एका तरुणाने गतवर्षी कारवानी जातीची नर-मादी आणली. जत तालुक्यातील एका मेंढपाळाकडून ती पिले त्याने घेतली. पुढे रीतसर पैदास करावी, पिलांची नोंदणी करावी व आपल्या श्वानगृहास एक नाव घ्यावे, असा त्याचा मनोदय आहे. नावांची यादी घेऊन तो आमच्याकडे आला. यादीतील बहुतेक नावे इंग्रजी असून त्यांत 'रॉयल' हा शब्द तीनदा होता. ह्यांतून एक निवडून द्या, असे त्याचे म्हणणे. आम्ही त्याजकडून आठ दिवस मागून घेतले. ह्या आठ दिवसांत जो विचार झाला, तो वाचकांपुढे ठेवीत आहो.

कुत्र्याचे कुळ सांगण्याची चाल विलायतेहून आली, असा आपल्याकडे सर्वसाधारण समज आहे. तो पुरता खरा नाही. संस्कृतात कुत्र्यास 'सारमेय' म्हणतात. सारमेय म्हणजे सरमेचा पुत्र. ऋग्वेदातील ही सरमा इंद्राच्या गाईंचा माग काढीत गेली, आणि यमाच्या दारातील चार डोळ्यांचे दोन कुत्रे तिचेच वंशज मानले गेले. म्हणजे आपल्या वाङ्मयात श्वानाचे पहिले कुलनाम आहे, आणि ते मातेवरून आहे. महाभारताच्या आरंभी हीच सरमा पुन्हा भेटते. जनमेजयाच्या सत्रात तिच्या पिलास विनाकारण मार बसतो. ती राजास विचारावयास येते की, माझ्या पुत्राने हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही, त्यास चाटलेही नाही. मग त्यास मारले का? राजाकडे उत्तर नसते. श्वानकुलाचा विचार करणाऱ्याने ही कथा विसरू नये, असे आम्हास वाटते; कारण कुळाचे नाव लावणे म्हणजे त्या कुळातील पिलांबद्दल जाब देण्यास बांधून घेणे होय.

पुराणाकडून इतिहासाकडे यावे, तर आतकूरचा शिलालेख आपली वाट पाहत आहे. इ. स. 949-50 च्या सुमाराचा हा लेख राष्ट्रकूट सम्राट तिसरा कृष्ण व त्याचा गंग मांडलिक बूतुग ह्यांच्या काळचा. तक्कोलमच्या युद्धात पराक्रम गाजविणाऱ्या मणलेर नावाच्या वीरास बूतुगाने काय हवे म्हणून विचारले, तेव्हा त्याने बूतुगाचा 'काळी' नावाचा शिकारी कुत्रा मागून घेतला. पुढे ह्या कुत्र्याची एका मोठ्या रानडुकराशी झुंज झाली आणि दोघेही मेले. कुत्र्याच्या स्मरणार्थ वीरगळ उभारला गेला व त्याच्या पूजेसाठी जमीन लावून दिली गेली. हजार वर्षांमागील कित्येक माणसांची नावे आपणास ठाऊक नाहीत. ह्या कुत्र्याचे ठाऊक आहे. त्यास ते जन्माने मिळाले नव्हते, झुंजीने मिळाले.

मराठेशाहीत असेच उदाहरण साताऱ्याच्या शाहू छत्रपतींचे आहे. वाघाच्या तावडीतून आपणास वाचविणाऱ्या आवडत्या कुत्र्यास त्यांनी जहागीर व पालखीचा मान दिला, आणि एकदा भर दरबारात त्यास जरीची वस्त्रे व जवाहीर घालून आपली पगडीही त्याच्या डोक्यावर ठेवली, असे ग्रँट डफने लिहिले आहे. लोक त्यास 'खंड्या' म्हणून ओळखतात आणि संगम माहुलीस त्याची समाधी दाखवितात. उलट आमच्याच जिल्ह्यात रायगडावर 1936 साली ज्याचे स्मारक झाले, त्या 'वाघ्या'स समकालीन कागदांत आधार सापडत नाही. त्यावरून वादही पुष्कळ झाले. परंतु दोन्हींवरून एक गोष्ट दिसते. आपल्याकडे नाव एकेका कुत्र्यास मिळे, आणि त्याच्या इमानास मिळे. त्याच्या आईबापांची वही कोणी ठेवीत नसे.

ही वही मात्र खरोखर इंग्रजांची. 1859 साली न्यूकॅसल येथे कुत्र्यांचे पहिले रीतसर प्रदर्शन भरले. 1873 साली लंडनास केनेल क्लब स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी त्याने वंशावळीचा पहिला ग्रंथ छापला. तेव्हा अडचण अशी निघाली की, एकाच नावाची कुत्री गल्लोगल्ली होती आणि कोणता बॉब कोणाचा मुलगा हे कळेना. म्हणून 1880 पासून नावांची सार्वत्रिक नोंदणी सुरू झाली. श्वानगृहाचे नाव ही ह्याच व्यवस्थेची पुढची पायरी. नोंदलेले नाव दुसऱ्या कोणास घेता येत नाही. आपल्या घरी जन्मलेल्या पिलाच्या नावास ते जोडले जाते व पिलू कोठेही विकले गेले तरी सुटत नाही. त्याचा गुण दिसला तर श्रेय ह्या नावास, आणि त्याचे हाड वाकडे निघाले तर दोषही ह्याच नावास. मूळ हेतू हा असा हिशेबाचा आहे. शोभेचा अर्थ त्यास मागाहून चिकटला.

आता त्या कारवानी जोडीकडे वळू. दख्खनच्या पठारावरील हा लांब पायांचा, सडपातळ व अरुंद तोंडाचा कुत्रा. नर खांद्याशी 68 ते 72 सेंटिमीटर भरतो. वासापेक्षा नजरेने तो शिकार हेरतो व उघड्या माळावर सशास गाठतो. अंगावर मऊ लांब केस असलेल्यास 'पश्मी' म्हणतात. पश्म म्हणजे फारसीत लोकर. पश्चिम आशियातील शिकारी कुत्र्यांशी त्याचे रूप जुळते, आणि काफिल्यांबरोबर आलेला म्हणून तो 'कारवानी' ठरला, असे मानतात. घटप्रभेच्या परिसरातील मुधोळ संस्थानाचे अधिपती मालोजीराव घोरपडे ह्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी ही जात राजाश्रयाने वाढविली. इंग्लंडच्या पंचम जॉर्ज बादशहास त्यांनी एक जोडी नजर केल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. तेव्हापासून ह्या कुत्र्यास 'मुधोळ हाउंड' हे नाव मिळाले.

येथे एक मौज आहे. घोरपडे हे आडनावच, त्या घराण्याच्या परंपरेप्रमाणे, घोरपडीच्या साहाय्याने किल्ला सर केल्यामुळे पडलेले. म्हणजे ज्या घराण्याने एका प्राण्याकडून आपले नाव घेतले, त्याने दुसऱ्या प्राण्यास आपल्या गावाचे नाव देऊन ते ऋण फेडले! संस्थान 1948 साली मुंबई इलाख्यात विलीन झाले, 1956 साली तो मुलूख म्हैसूर राज्यात गेला. पण कुत्र्यामुळे मुधोळचे नाव देशभर राहिले. 2005 साली त्याचे टपाल तिकीट निघाले. पुढे लष्करानेही ह्या जातीची परीक्षा घेतली. तरीही नावाचा तंटा मिटलेला नाही. केनेल क्लब ऑफ इंडियाच्या दप्तरी तो 'कॅराव्हॅन हाउंड', तर इंडियन नॅशनल केनेल क्लबच्या दप्तरी 'मुधोळ हाउंड'. प्राणी एक, नावे दोन.

परंतु ह्या दोन्ही नावांत एक नाव नाही, ही गोष्ट आम्हास अधिक खुपते. राजवाड्याने आश्रय दिला तो दोन पिढ्यांचा. त्यापूर्वी आणि त्यानंतरही हे कुत्रे धनगरांनी, बेरडांनी व माळावरच्या शेतकऱ्यांनी आपल्या भाकरीतील वाटा देऊन सांभाळले. कोणती मादी कोणत्या नराकडे न्यावी, हे त्यांस तोंडपाठ असे. कागदावर मात्र एक ओळही नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. ते योग्यच झाले. पण कुत्र्याचे काम गेले, आणि काम गेले की जात टिकविण्याची गरजही उणावते. शर्यतीच्या हौसेने काहींनी ग्रेहाउंडशी संकर केला. आता ह्या कुत्र्यास किंमत आली आहे, म्हणून ज्यास त्यास श्वानगृह हवे आहे. 2017 च्या केंद्रीय नियमांनी पैदास करणाऱ्यास नोंदणी सक्तीची केली, दीड वर्षाखालील मादीपासून वेत घेण्यास आणि आठ आठवड्यांखालील पिलू विकण्यास मनाई केली. असे नियम करावे लागले, ह्यातच नावामागे काय काय चालत असे ते आले.

आठ दिवसांनी तो तरुण आला. आम्ही त्यास म्हटले, "बाबा, इंग्रज शौकीन आपल्या कुत्र्याच्या नावापुढे 'अमुक गावचा' असे लिहितो. आपणास त्यासाठी दोन अक्षरांहून अधिक लागत नाही. एक 'कर' पुरतो. आपल्या गाण्याची घराणीदेखील ग्वाल्हेर, किराणा अशा गावांच्याच नावाने चालतात. 'करंजकर' म्हण आणि मोकळा हो."

तो हसला, आणि मग थोडा गप्प झाला. म्हणाला, "पण काका, ही तर माळावरची. हिला करंजाची म्हणणे खोटे नव्हे का?"

प्रश्न आम्हास निरुत्तर करणारा होता. खाडीचा दमट वारा, कोळीवाड्याच्या अरुंद गल्ल्या, आणि मैलभर धावण्यासाठी घडलेले ते पाय! बराच वेळ आम्ही दोघे बोललो. शेवटी ठरले ते असे. नावाचा अर्ज तूर्त करावयाचा नाही. रोज पहाटे ओहोटीच्या वेळी जोडीस किनाऱ्यावर धावावयास न्यावयाचे. मादीचे वय व प्रकृती पशुवैद्याने पसंत केल्यावाचून वेत घ्यावयाचे नाही, आणि जे पिलू कोणी परत आणील ते निमूट घरात घ्यावयाचे. एक वही मात्र आजच घालावयाची. तिच्या पहिल्या ओळीवर जतच्या त्या मेंढपाळाचे व त्याच्या मादीचे नाव, त्याला विचारून, लिहावयाचे.

गेल्या आठवड्यात तो जतला जाऊन आला. म्हाताऱ्याने आपल्या मादीच्या पाच पिढ्या मागच्या आया एका दमात सांगितल्या. बापांची नावे सांगताना दोनदा अडखळला. सारमेय शब्द त्याने ऐकलेला नव्हता. आमच्या तरुणाने सर्व उतरून घेतले आहे. वहीवर श्वानगृहाच्या नावाची जागा अद्याप कोरी आहे, आणि पहिले वेत मोठे होईतो ती तशीच राहावी, असा आमचा सल्ला आहे.