शाळेसमोरचे दुकान



शाळेच्या फाटकासमोरचे आमचे किराणा दुकान तुम्हा सगळ्यांच्या ओळखीचे. मधल्या सुट्टीत लिमलेटच्या गोळ्या आणि पेनच्या रिफिली घेताना वरची ‘आणि पुत्र’ ही पाटी तुम्ही वाचली असेल. पाटीप्रमाणे इतिहास सोपा आहे : आधी आजोबा, मग बाबा, आता दादा. जुन्या वह्या चाळल्या आणि बाबांना विचारले, तेव्हा तो इतका सोपा वाटेना.

आजोबांनी दुकान थाटले तेव्हा रुपयाचे १६ आणे होते, ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण. धान्य पायली-मापट्याने मोजले जाई. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले आणि हिशेब अडला. एका आण्याचे नेमके सव्वासहा पैसे होतात, पण पाव पैशाचे नाणेच नाही. सरकारी कोष्टकात एका आण्याचे ६, दोनचे १२, तीनचे १९ आणि चारचे २५ पैसे धरले होते. म्हणजे आण्याची वस्तू चार वेळा घेतली तर २४ पैसे, चार एकदम घेतल्या तर २५. गिऱ्हाईक भांडणारच.

आजोबा माल आणायला पेठेत गेले की गल्ल्यावर आजी बसे. चौथीपर्यंत शिकलेल्या आजीने ते कोष्टक पाठ केले आणि नियम ठरवला : फरक पडेल तो गिऱ्हाइकाच्या बाजूने. १९५८ पासून टप्प्याटप्प्याने किलो आला. शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा, म्हणून किलोचा भाव चढा दिसे. लोकांना वाटे, दुकानदाराने दर वाढवला. आजी एका पारड्यात जुना शेर, दुसऱ्यात किलो ठेवून काटा दाखवी. बोलणे कमी, तराजू पुढे.

१९७२ च्या दुष्काळात बाबा नुकतेच गल्ल्यावर बसू लागले होते. रेशनवर लाल मिलो मिळत होता, माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती. उधारी फुगली तशी बाबांनी ती बंद करायचे ठरवले. आजीने वही स्वतःकडे घेतली. त्या वहीतली काही खाती आजही मिटलेली नाहीत, पण त्या घरांतली नातवंडे अजून आमच्याकडेच माल भरतात.

१ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला. मी पुण्याहून येऊन संगणकावर बिलाची व्यवस्था लावून दिली. दादा वैतागला. वहिनी मात्र रोज रात्री फोन करून एकेक गोष्ट विचारत राहिली. महिन्याभरात तिचा हात बसला. आज दुकानातला माल, कर, उधारी सगळे तीच पाहते.

पाटीवर यातल्या कुणाचाच उल्लेख नाही.

दादाची मुलगी यंदा बी.कॉम. झाली. ती म्हणते, “दुकान मी चालवते.” दादा म्हणतो, “एवढं शिकून गल्ल्यावर बसायचं?” तिला नोकरीसाठी समजवायला त्याने मलाच सांगितले. दहावीनंतर दुकानाचे काय, हे मला कुणी विचारले नव्हते, आणि मीही विचारले नाही. इंजिनिअर झाल्याचा पस्तावा नाही. पण ज्या घरात दोन पिढ्यांची अडचण बायकांनी निस्तरली, तिथे तिसऱ्या मुलीला नको म्हणायला माझी जीभ रेटेना. म्हणून तिला समजवण्याऐवजी हा इतिहास लिहिला आणि आधी दादाला वाचून दाखवला. तो काहीच बोलला नाही. बाबा एवढेच म्हणाले, “आईची वही जपून ठेवा.”

पावसाने खराब झालेली पाटी रंगवायला उतरवली आहे. तिच्यावर काय लिहायचे ते अजून ठरलेले नाही. मेळाव्याला याल तेव्हा फाटकातून बाहेर पडताना समोर जरूर बघा.