किर्लोस्करांचा वारसा आणि शंकरराव मुजुमदार

नाटकमंडळीचा संस्थापक निवर्तला म्हणजे मागें काय राहतें? पेट्या, पडदे, पोषाख आणि नकलांच्या वह्या. शेतजमिनीप्रमाणें यांची वांटणी करतां येते. परंतु मंडळीच्या नांवाचें काय करावयाचें? 2 नोव्हेंबर 1885 रोजीं अण्णासाहेब किर्लोस्कर वारले, तेव्हां किर्लोस्कर नाटकमंडळीपुढें हाच प्रश्न उभा राहिला. 'रामराज्यवियोग' अपुरें होतें, आणि मंडळीला जेमतेम पांच वर्षें झालीं होतीं.

त्या पांच वर्षांतील काम मात्र लहान नव्हतें. विष्णुदास भाव्यांच्या पद्धतीच्या नाटकांत गाण्याचें सारें ओझें सूत्रधाराच्या गळ्यावर असे, आणि पात्रांचीं भाषणें बहुधा आयत्या वेळीं सुचतील तशीं होत. 31 ऑक्टोबर 1880 रोजीं पुण्याच्या आनंदोद्भव नाटकगृहांत 'शाकुंतला'चे पहिले चार अंक झाले, आणि दुष्यंताचें पद दुष्यंतच म्हणूं लागला. पारशी मंडळीचा 'इंद्रसभे'चा खेळ पाहून अण्णासाहेबांना ही कल्पना सुचली असें सांगतात. सुचली असेल, पण साकी, दिंडी, लावणी, कीर्तनांतल्या चाली आणि कर्नाटकी वळणाचें गाणें यांतून जें उभें राहिलें तें घरचेंच होतें. 1882 सालीं 'सौभद्र' आलें, आणि भाऊराव कोल्हटकरांच्या आवाजानें त्यास पंख फुटले.

'शाकुंतला'च्या त्या आरंभींच्या प्रयोगांत शकुंतला होत असत शंकर बापूजी मुजुमदार. पुढें हेच शंकरराव मंडळीचे व्यवस्थापक झाले. मुक्कामाची सोय, नटांचे पगार, तिकिटांचा हिशेब यांत बुडालेल्या या गृहस्थानें 1904 सालीं अण्णासाहेबांचें चरित्र लिहिलें! चरित्र लिहावें तें संताचें, राजाचें, फार तर मुत्सद्द्याचें. नाटकवाल्याचें काय लिहावयाचें, असें मानणाऱ्या समाजांत हें धाडसच होतें. त्यावरच ते थांबले नाहींत. 'रंगभूमि' हें नाट्यविषयक मासिक त्यांनीं चालविलें. आणि मंडळीचें स्वतःचें नाटकगृह पुण्यांत उभें राहिलें तेंही किर्लोस्करांच्या नांवानें.

संस्थापकाच्या वारशाविषयीं शंकररावांचें मत या तिन्ही कामांत वाचतां येतें. त्यांच्या दृष्टीनें वारसा म्हणजे संस्था: तिचें छप्पर, तिचें नांव, तिचा लिखित इतिहास. नट येतील, जातील. मंडळी राहिली पाहिजे. आणि बराच काळ अनुभवही तसाच आला. 1901 सालीं भाऊराव गेले तरी मंडळी मोडली नाहीं. 1905 सालीं मिरजेस नारायणराव राजहंस तिला मिळाले आणि शकुंतलेचा पदर त्यांच्या खांद्यावर आला. नव्या शकुंतलेचे मालक जुन्या शकुंतला!

वारशाचा दुसराही एक अर्थ होता. गोविंद बल्लाळ देवल हे अण्णासाहेबांचे शिष्य. त्यांनीं गुरूचीं पौराणिक कथानकें पुढें चालविलीं नाहींत. घेतली ती त्यांची सोपी, वाहती भाषा, आणि 1899 च्या 'शारदे'त ती जरठविवाहाच्या चालत्या दुःखाला लावली. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनीं 'वीरतनया'त चालींचा रोखच बदलला. हीं दोन्ही नाटकें किर्लोस्कर मंडळीनेंच रंगभूमीवर आणलीं, हें तिच्या चालकांच्या बाजूनें सांगितलेंच पाहिजे. 1911 सालीं खाडिलकरांचें 'मानापमान' आलें, तेव्हां तर मंडळीचें भाग्य शिगेस पोहोंचलें.

त्याच वर्षीं नानासाहेब जोगळेकर वारले. मालकी कोणाची, कारभार कोणाचा, यावरून कुरबुरी वाढत गेल्या आणि 1913 सालीं बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनीं बाहेर पडून गंधर्व नाटकमंडळी काढली. शंकररावांचा हिशेब चुकला तो येथें. किर्लोस्करांचें नांव, नाटकगृह आणि पेट्या त्यांच्याकडे राहिल्या. पण सुभद्रा दुसऱ्या बिऱ्हाडीं गेली, आणि तिच्या मागोमाग प्रेक्षकही गेले. 'सौभद्र' गंधर्व मंडळीच्या रंगमंचावर तितक्याच हक्कानें होऊं लागलें. पुढें दीनानाथ मंगेशकरांसारखा तेजस्वी गळा किर्लोस्कर मंडळीस लाभला, परंतु 1918 सालीं तेही निघाले आणि त्यांनीं बळवंत संगीत मंडळी स्थापिली.

बळवंत हें अण्णासाहेबांचें पाळण्यांतलें नांव होतें. त्यांच्या मंडळीचा संसार कालांतरानें मोडला आणि नाटकगृहाचें चित्रपटगृह झालें. 1880 सालच्या पुण्याचा शोध घेणारा अभ्यासक मात्र अजूनही 1904 चें तें चरित्र उघडतो. तें लिहिणारा त्या रात्रीं शकुंतलेच्या वेषांत रंगमंचावर होता.